भाऊजींचं कपाट

भाऊजी खोलीत येण्याआधी त्यांचा वास यायचा. घाणेरीचा पाला मुठीत चुरगळावा तसा उग्र, त्यात माशांच्या खताचा आणि ओल धरलेल्या भिंतीचा मिसळलेला. हा वास माझ्या युनिफॉर्ममध्ये बसला, केसांत बसला, देवापुढच्या वातींनाही लागला. मी एका वृद्धाश्रमात काम करायचे. तिथल्या एका आजींनी एकदा मी उशी सारखी करताना नाक मुरडलं आणि विचारलं, "तुझ्या घरात काही मेलंय का?" मी हसले. ट्रेनमध्ये परतताना मात्र मला स्वतःचीच शिसारी आली.

भाऊजी म्हणजे समीरचे, माझ्या नवऱ्याचे, थोरले चुलतभाऊ. स्टुडंट व्हिसावर सिडनीला आले, हॉटेलात भांडी घासली, पुढे पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाली आणि एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागले. लग्न टिकलं नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत. आम्ही सिडनीला उतरलो तेव्हा ते विमानतळावर थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि दोन जाडजूड जॅकेटं घेऊन उभे होते. टूनगॅबी उपनगरातल्या त्यांच्या भाड्याच्या घरातली उन्हाची खोली त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत गेले. मला पहाटेची शिफ्ट असली की न सांगता गाडी काढून बसायचे. त्या माणसाचं हे सगळं मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जास्त संताप येतो.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "आपलं काय, नो वरीज." बॉसने ओव्हरटाइम लादला, नो वरीज. डायबेटिस निघाला, नो वरीज. गोदामात रॅकवरून खोकं कोसळून पाठीत बसलं, तेव्हाही तेच म्हणत भिंत धरून घरात आले. त्यानंतर ते नीट झोपले असतील असं मला वाटत नाही. जेवायला बसले की ताट उचलून उभ्यानेच खायचे. विचारलं तर म्हणायचे, "उभ्याने पचतं चांगलं."

मग कामावरच्या कुणीतरी त्यांना गांजाचं बी दिलं. इथे आमच्या राज्यात घरात गांजा लावणं गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. रस्त्यावर कुणीतरी टाकून दिलेलं कपड्यांचं कपाट त्यांनी आणलं, आतून चंदेरी कागद लावला, दिवा टांगला, पंखा बसवला आणि दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून जांभळट उजेड यायचा आणि दिवसभर घरघर चालायची. माझ्या समजुतीप्रमाणे झाड म्हणजे अंगणातली गोष्ट. इथे ते माणसाच्या कपाटात घाम गाळत उभं होतं, आणि माणूस त्याच्या शेजारी गादी टाकून झोपत होता.

घर हळूहळू त्या कपाटाचं झालं. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण शेजाऱ्यांना वास जाईल. मग भिंतींना घाम फुटायचा, आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरली. मातीतल्या बारीक माश्या स्वयंपाकघरात आल्या. आमटीवर तरंगायच्या, पिठात सापडायच्या. वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून हौसेने आणलेली कोथिंबीर त्यांच्या खताच्या डब्याशेजारी फ्रिजमध्ये पडलेली मी पाहिली आणि उचलून सरळ कचऱ्यात टाकली. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचे हात. पानं खुडून बोटांना काळा चिकट थर बसायचा, आणि त्याच हातांनी ते पोळीचा तुकडा मोडायचे. मी मान फिरवून जेवायला शिकले.

झाडांशी मात्र ते इतके हळुवार बोलायचे की ऐकवत नसे. "बाळा, आज पान का पाडलंस?" हा स्वर त्यांनी आमच्यापैकी कुणासाठी कधी काढला नव्हता. मी एकदा समीरला म्हटलं, यांना माणसं नकोत, फक्त गप्प राहणारं काहीतरी हवंय. समीर उठून ताटं उचलायला लागला. दादा त्याला वडिलांच्या जागी होता.

शेवटी मीच बोलले. आमचा पीआरचा अर्ज भरलेला होता, आणि मला दिवस गेले होते. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता आणि त्या वासाने आणखी व्हायच्या. मी सांगितलं की पोलिस आले तर आमचं सगळं जाईल. वर हेही सांगितलं की दुखण्यावर हेच औषध आता डॉक्टर लिहून देतात, कायद्याने मिळतं, मी स्वतः बरोबर येते.

ते बोटांवरचा काळा थर नखाने खरवडायला लागले. मग म्हणाले, "मेधा, दुखतंय म्हणून परक्या माणसापुढे जाऊन रडायचं का मी?"

"आमच्यापुढे तरी रडा, भाऊजी."

त्यावर ते पंखा नीट करायला उठले. ते मला उत्तरच होतं. आम्ही स्कोफिल्ड्सला नव्या वसाहतीत घर घेतलं भाड्याने. सामान हलवायला भाऊजीच आले, दुखऱ्या पाठीने खोकी उचलू लागले. समीरने ती हातातून काढून घेतली तेव्हा ओशाळून बाजूला उभे राहिले.

मुलगी झाली. ते बघायला आले, पण मी त्यांच्या हातात तिला दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही. दारातूनच बघितली, म्हणाले, नाक आपल्या घरचं आहे.

थंडी सरता सरता समीर मला घेऊन टूनगॅबीला गेला, कारण ते फोन उचलत नव्हते. भाऊजी दार उघडून खोकत उभे राहिले. खोलीत पाय ठेवला आणि मी पदर नसताना नाकाकडे हात नेला. कपाटातलं पीक कुजलं होतं. कळ्यांवर राखाडी लव आली होती, आत बोट घातलं तर मऊ लागेल अशी. ते चाकूने ती लव खरवडून टाकत होते आणि उरलेलं वाळवून ओढत होते. समीरने विचारलं, दादा, हे काय करतोयस. ते म्हणाले, "इतकी जपलीत. टाकवत नाहीत." बशीत ती लव साचली होती. मी मागच्या अंगणात जाऊन ओकले.

त्याच दुपारी आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. बुरशी फुप्फुसात पसरली होती, डायबेटिसमुळे तिला मोकळं रान मिळालं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं की हे कशासाठी घ्यायचात. भाऊजींनी आधी समीरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग इंग्रजीत म्हणाले, "माय बॅक. एव्हरी डे. आय कान्ट सिट." इतकंच. एका छपराखाली राहून जे वाक्य आम्हाला मिळालं नाही, ते त्या परक्या मुलीला परक्या भाषेत मिळालं. समीर बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये उभा राहिला.

ते हॉस्पिटलात असताना ती खोली मी साफ केली. हातमोजे, मास्क घालून. कपाटाच्या मागची भिंत हाताला लगद्यासारखी लागत होती. कुंड्यांतली माती आंबली होती, गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे गोल उमटले होते, आणि बरोबर पाठ टेकते तिथे गादीला खोल खड्डा पडला होता. सगळं पिशव्यांत भरून बांधलं. मला कीव आली, पण किळस गेली नाही. दोन्ही एकाच वेळी येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊजी परत आले नाहीत. शेवटच्या दिवसांत ते नळ्यांमुळे बोलू शकत नव्हते. मी त्यांची बोटं ओल्या कापसाने पुसली, नखं कापली. वृद्धाश्रमात हे मी रोज करते, शिसारी न येता. त्यांचं करताना मात्र हात थांबत होता, तरी केलं.

त्यांच्या आईला, आमच्या काकूंना, कराडला आम्ही न्यूमोनिया एवढंच सांगितलं. विधी झाल्यावर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. रडून झालं होतं. काकू आपल्या मुलाबद्दल बोलत राहिल्या. म्हणाल्या, त्याच्या हाताला गुण होता, नुसती काडी रोवली तरी फुटायची. मग विचारलं, "तिकडे काही झाडं लावली होती का गं त्याने?"

मी म्हटलं, "लावली होती, काकू. खोलीत, कपाटात."

"कपाटात?" त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्या स्क्रीनच्या जवळ आल्या. "अगं, बाहेर एवढं ऊन असताना?"

मी हो म्हटलं. काकूंनी पदराने चष्मा पुसला.

"मग तुम्ही कुणी सांगितलं नाहीत त्याला, बाहेर काढ म्हणून?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.