बारकूमामाच्या पानावरचा डाळभात

बारकूमामा शिकारीला जायचा, पण त्याच्या हातून कधी ससासुद्धा मेला नाही. पाड्यावरची माणसं त्याला हसत आणि जनावर पडलं की त्यालाच हाका मारत. वैशाखाच्या उकाड्यात मांस घरापर्यंत धड आणणं खर्डीच्या रानात त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. आधी पोट साफ करायचं, मग तुकडे सावलीत वाऱ्यावर टांगायचे आणि माश्या बसू नयेत म्हणून खाली पाल्याचा धूर करायचा. कुणी मांस गार करायला ओढ्यात बुडवू लागलं की मामा खेकसायचा, "भिजवू नको रे, नासंल!"

चव्वेचाळीस साली माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी लांबच्या रानात डुक्कर पडलं. दिवस कलला होता, म्हणून माझा बाप आणि बाकीचे शिकारी घरी आले आणि मामा एकटा राखणीला राहिला. मागच्या पायाची एक मांड वराकडच्यांच्या मानाची, दुसरी राखणाऱ्याची, अशी आमची रीत. सकाळी मामानं मांस आणलं, पण मांड एकच. दुसरीला आतड्यातली घाण लागली होती, ती त्यानं टाकून दिली होती.

माझा बाप दामू भर मांडवात ओरडला, "तुला राखाय ठेवला का फेकाय?"

"लगनाची माणसं आजारी पडली असती, दाजी," मामा एवढंच म्हणाला आणि उरलेली मांड वराकडच्यांना देऊन टाकली.

पंगतीत तो टोकाला बसला. मटण वाढायला आलं तेव्हा त्यानं पानावर हात आडवा धरला आणि नुसता डाळभात खाल्ला. मी मुंडावळ्यांआडून सगळं पाहिलं. नवरीनं बोलायचं नसतं, म्हणून गप्प बसले.

मामा गेल्यावर पाच वर्षांनी, अंथरुणाला खिळलेला बाप मला म्हणाला, "रंगू, तवा माजाच बाण पोटात लागलेला गो. आतडं फुटलं त्यानंच. बारक्यानं बाण उपटून लपवला, कुनाला सांगलं नाय. मला ठावं होतं, तरी मी वरडलो."

मला बापाचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. मग वाटलं, त्या दिवशी मी तरी कुठे बोलले होते?

अजून घरात मटण शिजलं की पहिलं पान मी मामाच्या नावानं वाढते. तो आडवा धरलेला हात आठवतो आणि मीही नुसता डाळभात वाढून घेते.