मोज, पण हात लावू नको!

बातमी आली तेव्हा मी शाळेत सहावीच्या भूगोलाच्या वह्या तपासत होते. मंगळवार होता. माझा नवरा, सुभाष, दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी सकाळीच अलिबागला गेला होता. तिथल्या कँटीनमध्ये चहा पिता पिता तो गेला. फोन ठेवल्यावर मी हातातली वही तपासून पूर्ण केली, सही केली आणि मग उठले.

माणगावात त्याचं काडतुसांचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना असलेली माणसं. पुढचे बारा दिवस ती भेटायला येत राहिली. पाणी प्यायची आणि मग एकच गोष्ट सांगायची: सुभाषने आपल्याला माल द्यायला कसा नकार दिला! नकाराचे इतके किस्से एका दुकानदाराच्या नावावर जमा झालेले असतील, हे मलाही ठाऊक नव्हतं.

*

पहिले आले श्रीवर्धनकडचे सुपारीवाले जोशीकाका. त्यांची बंदूक चारशे दहाची, म्हणजे बारीक नळीची. एकदा त्यांनी दुकानात तीन इंची काडतुसं मागितली होती.

"चेंबर किती इंची आहे?" सुभाषने विचारलं. चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा.

"बसतात की आरामात!"

सुभाषने एक नवं आणि एक उडवलेलं काडतूस टेबलावर शेजारी शेजारी उभं केलं. उडवलेलं चांगलंच उंच. "काका, नवं काडतूस तोंड मिटून बसतं. बार उडाला की तोंड उघडतं आणि लांब होतं. तुमचं चेंबर अडीच इंची. तिथे याला तोंड उघडायला जागाच नाही. जोर मागे येईल."

"म्हणजे घरी माझं जे आहे, तेच!" काका म्हणाले आणि अडीच इंची घेऊन गेले.

*

म्हसळ्याच्या इस्माईलभाईंना छर्रे नको होते, एकच मोठी गोळी हवी होती. सुभाषने पितळी मापांचा डबा काढला. काही नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात, त्याला चोक म्हणतात. भाईंच्या बंदुकीचा चोक फारच आवळ होता.

"ही गोळी यातून मोकळी जाणार नाही. छर्रेच न्या."

"अरे, एवढा मोठा डुक्कर! छर्र्यांनी त्याला काय होणार?"

"डुकराला काय होईल ते सांगता येत नाही. नळी फाटली तर तुमचं काय होईल ते येतं."

हे सांगून झाल्यावर भाई उठता उठता मला म्हणाले, "भाभी, एवढी चौकशी माझ्या निकाहच्या वक्ताला पण झाली न्हवती!"

*

पनवेलहून इस्माईलभाईंचा पुतण्या आला होता. त्याला मोबाईलवर बघितलेली पोलादी छर्र्यांची काडतुसं हवी होती, तीही आजोबांच्या बंदुकीसाठी. जुन्या, आवळ नळीला पोलाद सोसत नाही, हे सुभाषने दोनदा सांगितलं.

"काका, पण रिव्ह्यू एकदम टॉप आहेत!"

"मग रिव्ह्यू लिहिणाऱ्याची बंदूक घेऊन ये. लगेच देतो."

*

बाळूनानांचं प्रकरण मात्र मिटलेलं नव्हतं. त्यांचं रताळ्याचं शेत डोंगराला लागून. बंदूक वडिलांची, नळीवरचे आकडे झिजलेले, तोंड कधीतरी कुणी कापलेलं. सुभाष म्हणाला, मोजल्याशिवाय काडतूस नाही. नाना म्हणाले, बंदूक कुणाच्या हातात देणार नाही. एका इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा केली होती, ती गंजून परत आली होती.

शेवटी एकदा ते दुकानात आले. बंदूक दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले.

"मोज, पण हात लावू नको!"

सुभाष मापं घेऊन त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. "नाना, ही बंदूक आहे, देवाची पालखी नाही!"

नाना तसेच परत गेले. पावसाळाभर डबे वाजवून त्यांनी डुकरं हाकली. अर्धी रताळी गेली.

*

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नाना आले. बसले नाहीत. गोणपाट सोडलं आणि बंदूक माझ्या हातांवर आडवी ठेवली. दुकानदाराची बायको म्हणून सत्तावीस वर्षं काढली, पण बंदूक मी पहिल्यांदाच धरत होते.

"घे वैनी. मोज."

"नाना, मला मोजता येत नाही. मापं दुकानात आहेत, आणि परवाना सुभाषच्या नावावर होता म्हणून दुकानाला आता सील आहे."

नानांनी खिशातून दोन काडतुसं काढली. "शेजाऱ्याची हायत. चार म्हैने झाले. बसतात, पन उडवली न्हाय."

"का?"

"सुभाषला इचारलं न्हवतं ना."

ती काडतुसं शेजाऱ्याला परत करा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि एसटीची वेळ विचारून निघाले.

त्या नळीचं माप अजून घेतलेलं नाही.