रात्रीची लाईट आणि दादाची गोळी

काढणीला आलेल्या कांद्याला कोणी पाणी देत नाही. आमच्या श्रीगोंद्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. पातीने माना टाकल्या की पाणी तोडायचं, नाहीतर कांदा सडतो. आणि माझा दादा, जन्मभर कांदा करणारा माणूस, सकाळच्या उन्हात तुडुंब भरलेल्या वाफ्यात उभा होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. मी बांधावरूनच त्याला हाक मारली.

वहिनीचा फोन आला म्हणून मी नगरहून पहिल्या एसटीने निघाले होते. "ताई, ह्यांनी चार रात्री डोळ्याला डोळा लावलेला न्हाई," एवढंच ती बोलली होती. आल्यावर कळलं, आपलं रान भिजवून झाल्यावर दादाने न विचारता शेजाऱ्याचंही भिजवून टाकलं होतं. "आता तलावापातुर चारी खांदतो बघ. समद्या गावाला फुकाट पानी!" तो मला म्हणाला. डोळे लालभडक, आणि तोंड थांबायला तयार नाही. खरं सांगते, मला माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटली.

आजार घराला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी तो असाच चढला होता आणि नंतर महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला होता. लिथियमची गोळी सुरू झाली तेव्हा कुठे माणसात आला. वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा, पोरांना शाळेत सोडायचा. मग आता हे कशानं झालं?

"गोळी चालू आहे ना त्याची?" मी वडिलांना विचारलं.

"दिवसाच्या लाईटीला घेतोच की त्यो."

मला आधी काही समजलंच नाही. आमच्याकडे मोटारीला एक आठवडा दिवसा लाईट असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दारं धरायला, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी वळवायला, रानात जागावं लागतं.

"झोपंची गोळी खाऊन उसाला दारं कोन धरनार?" वडील म्हणाले. "म्हनून रातीच्या लाईटीला गोळी बंद ठिवायची. मीच सांगितलंय त्याला."

फवारणी दोन दिवस पुढे ढकलल्यासारखं सांगत होते ते. मी ओरडले. वडिलांवर आवाज चढवण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शेजाऱ्याच्या जीपमधून दादाला नगरला आणलं. तो वाटभर चारीचा नकाशा हवेत काढत होता. त्याला दाखल करून घेतल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आणि वडिलांना बसवलं. वडिलांनी लाईटीचं सगळं सांगितलं.

"काका, ही झोपेची गोळी नाहीच," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी चिंचेची पानं मिटतात ना? त्यांना वेळ कोण सांगतं? घड्याळ आतच असतं. तसं माणसाच्या पेशीपेशीत असतं. ह्या आजारात ते भरकटतं. लिथियम त्याची चाल सावकाश करतं. झाडांत, फळमाश्यांत, उंदरांतसुद्धा तसं दिसलंय. नेमकं कसं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण एकीकडे रात्रभर जागवायचं आणि नेमकी तेव्हाच गोळी काढून घ्यायची, ह्याहून वाईट काही करता आलं नसतं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मोबाईलच्या बॅटरीत लिथियम असतं, हे मुलांना दरवर्षी सांगते. तेच माझ्या भावाच्या आतली दिवसरात्र धरून होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"घरात आणखी कुणाला असं झालं होतं?" बाईंनी विचारलं. "मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणाला होतात."

"न्हाई," म्हणून वडील थांबले. मग खाली बघत म्हणाले, "व्हय. माज्या धाकट्या भावाला."

माझे ते चुलते विहिरीवर पाय घसरून गेले, असंच ऐकत मी लहानाची मोठी झाले.

"पाय घसरला न्हवता," ते मला म्हणाले. "आदी असाच हासत, बडबडत हिंडायचा. झोप न्हाई. मंग पार गप झाला. आमी देवरशाकडं न्हेला, अंगारे लावले. येक दिस सकाळी हिरीवर..."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो वडिलांनी घेतला नाही.

"बाई," त्यांनी विचारलं, "ही गोळी तवा हुती का?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "होती, काका. तेव्हाही होती."

वडिलांनी मान हलवली. मग एकदम माझ्याकडे वळले, जणू मी तेव्हा जन्मलेली होते.

"मंग कुनी सांगितलं का न्हाई?" ते म्हणाले, आणि दवाखान्यातल्या माणसांदेखत मोठ्याने रडायला लागले.