घरचे वाचक मोजत नाहीत

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा सकाळचा चहा संपवून संगणकापुढे बसत आणि मोठ्याने आकडा वाचत. काल एकशे नव्वद. आज दोनशेच्या वर. त्यांच्या वेबसाइटवर येऊन गेलेल्या वाचकांचा हा आकडा.

यवतमाळकडच्या एका गावात ते भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर, मी इथे आयटीत म्हणून, आईला घेऊन पुण्यात आले आणि त्यांना अजिबात करमेना. सोसायटीच्या बाकावरचे गृहस्थ "अहो, तुमच्याकडे फार ऊन ना?" एवढं विचारून पेपरात डोकं घालत. म्हणून मीच त्यांना वेबसाइट काढून दिली. गावचं तळं, आठवडी बाजार, मोहाची झाडं यांवर ते लिहू लागले.

वाचक बहुतेक परदेशातल्या एकाच गावाचे, असं आकड्याशेजारी दिसायचं. बाबांनी ते गाव शाळेच्या जुन्या नकाशात शोधून त्याभोवती पेन्सिलने गोल काढला. आपल्या भागातली इंजिनिअर पोरं तिकडे गेली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्यांच्यासाठीच लिहू लागले. 'तुमच्याकडे अजून बर्फ असेल, म्हणून सांगतो, मोहाचं फूल पहाटे कसं पडतं.' बाकावरही ते आता ऐटीत, मोठ्या आवाजात बोलत.

माझं पोट नेमकं असले आकडे तपासण्यावर चालत होतं. कोथरूडच्या ऑफिसात बसून मी गिऱ्हाइकांच्या वेबसाइटवरचे बॉट, म्हणजे माणसाचं सोंग घेऊन पानं उघडत सुटलेले प्रोग्रॅम, ओळखायचो. ते ओळखू येतात. एकाच मिनिटाला झुंडीने येतात, सगळ्यांच्या स्क्रीनचं माप एक, पान उघडलं की शून्य सेकंदात पुढे. माणूस असा वाचत नाही. तो मध्येच थांबतो, मागे जातो, दाराची बेल वाजली की उठतो. बाबांचे परदेशी वाचक कोण होते हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी गप्प बसलो, कारण सांगायची हिंमत नव्हती.

मग एका शुक्रवारी एका बिल्डरच्या साइटवर बॉट फार झाले म्हणून मी त्यांना मोजणीतून गाळणारा फिल्टर लावला, आणि घाईत तो ऑफिसच्या खात्यातल्या सगळ्याच साइटना लावून बसलो. बाबांची साइटही सोयीसाठी मी त्याच खात्यात ठेवली होती.

शनिवारी चहा झाला. आकडा काही ऐकू आला नाही.

"काहून रे, काल फक्त सहा?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण कामाचा माज असतो. मी तासभर त्यांना सगळं दाखवलं, शून्य सेकंदांच्या रांगासुद्धा.

"म्हणजे माणसं नव्हतीच काय ती?"

"नव्हती."

"सहा," ते म्हणाले. "आपल्याकडं मयतीलेही याच्याहून जास्त लोकं येतात."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही, डोळे दुखतात म्हणाले. नकाशावरचा गोल त्यांनी इतका जोरात खोडला की कागद तिथे पातळ झाला.

महिन्याभराने आईने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "त्यांनी नवीन काही टाकलं नाही काय?" बाबा दुपारी झोपले की ती तोच संगणक लावून प्रत्येक लेख वाचायची, काही तर दोनदा. त्यांना सांगायला मात्र लाजायची. आकड्यांत ती कधी दिसली नव्हती, कारण पहिल्याच दिवशी मी आमच्या घरचं इंटरनेट कनेक्शन मोजणीतून वगळलं होतं. आमच्या कामाची ती रीतच आहे, घरच्यांना मोजायचं नाही.

मी तसाच बाबांकडे गेलो आणि सांगितलं, आई वाचते, पहिल्यापासून, प्रत्येक लेख शेवटपर्यंत. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अन् तू?"

कोणत्या पानावर कोण किती सेकंद थांबलं, हे मला तोंडपाठ होतं. लेख मी एकही पुरता वाचला नव्हता.

आता ते विचारायला नाहीत. मी वाचतो, घरूनच, म्हणजे मोजणीत येत नाही. 'तुमच्याकडे अजून बर्फ असेल' इथवर येतो आणि दरवेळी थांबतो.