खंडेनवमीचा रंग

आमच्या घरात खंडेनवमीला पिकअपला जेवढा मान असे, तेवढा जावयाला दिवाळसणातही मिळाला नसेल. आदल्या दिवशी धुणं, पुसणं, तेलपाणी. नवमीला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि चारी चाकांखाली लिंबं. त्या दिवशी ती जागची हलायची नाही. दसऱ्याला सकाळी लिंबं चिरडत गल्लीबाहेर पडायची, की आमचं सीमोल्लंघन झालं.

गाडी काकांची. सुलतान बाजारात आमचं फराळाच्या पदार्थांचं दुकान होतं. काका अचानक गेले आणि गाडी विकायची की ड्रायव्हर ठेवायचा यावर घरात खल चालू असताना काकूंनी किल्ली कमरेला खोचली. चालवायला त्यांना काकांनीच शिकवलं होतं, सिकंदराबादच्या एका मोकळ्या मैदानावर. तेव्हापासून भट्टीवर चकल्या काढायच्या त्याही त्याच आणि डबे दिलसुखनगरपर्यंत पोचवायचे तेही त्याच. चौकातला पोलीस म्हणायचा, "अम्मा, जरा आहिस्ता." काकू खिडकीतून म्हणायच्या, "तुम पहले बाजू हटो, फिर आहिस्ता देखते."

मी शेजारच्या सीटवर डबे धरून बसायचो. पंचविशी नुकतीच ओलांडलेली. ओळखीचं कुणी दिसलं की मी खाली वाकायचो आणि पायाशी काहीतरी शोधत राहायचो. मूळ दुखणं हे होतं. बाकीचं सगळं नंतरचं.

ते दिवसच तसे होते. बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. रंगीत टीव्ही, थंड पेयांच्या नव्या बाटल्या, आणि मालाच्या छोट्या चकचकीत गाड्या, त्याही हप्त्यांवर. शेजारच्या कापडवाल्यानं एक घेतली. मी ती येताजाता बघायचो. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "आपली चालते ना? मग नवी कायकू? चालायची थांबली की बोल."

त्या वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी मला उत्साह आला. म्हटलं, धुण्यापुसण्यावर भागवायचं नाही, रंगच देऊ. बॉनेटच्या आतले सगळे पत्रे, पट्ट्या, बोल्ट, जे दिसेल ते चंदेरी करून टाकलं. बॅटरीपासून गाडीच्या चौकटीला जाणारी एक जाड पट्टी असते. अर्थिंगची. ती मी खोलली, खालच्या जागेला रंगाचे दोन हात दिले आणि ओल्या रंगावरच पट्टी पुन्हा आवळली. बोल्टलाही रंग दिला. दुसऱ्या दिवशी काकूंनी कौतुकानं त्याच बोल्टला कुंकवाचं बोट लावलं.

दसऱ्याला सकाळी सगळी गल्ली बघायला उभी. काकूंनी सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. लिंबं जशीच्या तशी. शेवटी आम्ही सगळ्यांनी धक्का मारून सीमोल्लंघन केलं.

तिथून काकूंचा शोध सुरू झाला. आधी बॅटरी. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला टाकली. त्यानं परत देताना हात वर केले. "बॅटरी अच्छीच है अम्मा, नखरे गाडी के हैं." मग डायनामोचा पट्टा. काकूंनी अंगठ्यानं दाबून बघितला, ताणून घेतला. प्लग काढले, ब्रशनं घासले. पॉइंटमध्ये जुनं पोस्टकार्ड सरकवून फट जुळवली, काकांची ती पद्धत होती. बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतून पांढरी बुरशी काढली, वर व्हॅसलीन चोपडलं. एवढं करून गाडी एखाद्या दिवशी मुकाट चालू व्हायची. की काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बघ, कशी लायनीवर आली!" दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्. चालू झाली तरी चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहायचा आणि हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा.

त्या चंदेरी बोल्टकडे त्यांनी बघितलंही नाही. नवा कोरा रंग, त्यावर कुंकू. तिथे काय बिघडणार?

मला मात्र कळलं. एकदा काकू सेल्फ मारत होत्या आणि मी बॉनेटवर वाकलो होतो. सहज हात त्या बोल्टवर टेकला. चटका बसला. आजूबाजूचं सगळं गार आणि तेवढाच तापलेला. वीज तिथे अडत होती, माझ्या रंगापाशी. बोल्ट खोलायचा, रंग खरवडायचा, पुन्हा आवळायचा. चहा उकळेपर्यंत झालं असतं.

आतून काकूंनी विचारलं, "काही दिसलं का रे?"

मी म्हणालो, "काही नाही. काकू, तुम्ही चोक फार ओढता. पेट्रोल भरून येतं. मग सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते."

हे इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. एरवी मी बोलतो किती? दुकानात गिऱ्हाईकाला दोनदा विचारावं लागायचं. पण हे वाक्य मी घरात पसरवलं. काकूंचा चोक हा विनोदच झाला. वडील जेवताना म्हणायचे, "वहिनी, पोळीला तूप जरा कमी ओढा." सगळे हसायचे. काकूही हसायच्या.

दिवाळीच्या ऐन गर्दीत गाडी दिलसुखनगरच्या रस्त्यावर बंद पडली. फराळ ऑटोतून पाठवावा लागला. चकल्यांचा चुरा झाला. त्या संध्याकाळी काकूंनी किल्ली माझ्यासमोर ठेवली. "सगळं तपासून झालं. राहिले मीच. तूच बरोबर म्हणत होतास. गाडी काढून टाक."

दिवाळी झाल्यावर दिलसुखनगरचा एक भाजीवाला गाडी बघायला यायचा होता. तो यायच्या आधी मी बोल्ट खोलला. रंग खरवडला, पॉलिश पेपरनं जागा लखलखीत केली, पट्टी आवळली. बंद गाडी कोण घेणार?

भाजीवाल्यानं सेल्फ मारला आणि पिकअप अर्ध्या फेऱ्यात चालू झाली. हॉर्न असा खणखणला की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. "बागुंदि, बागुंदि," छान आहे, छान आहे म्हणत तो खूश झाला. पायरीवर काकू उभ्या होत्या. त्या नुसत्याच म्हणाल्या, "बघ. त्याच्या हाताला लगेच ओळखलं तिनं."

नवी गाडी आली. ती मी चालवली. काकूंनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि मीही कधी 'घ्या' म्हटलं नाही.

यंदा खंडेनवमीला माझ्या कारची पूजा करायला काकू खाली पार्किंगमध्ये आल्या. आता त्यांना काठी लागते. कुंकवाचं बोट त्यांनी बॉनेटला लावलं, आणि मला पुढे राहवलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रंग, बोल्ट, चटका, चोक, भाजीवाला.

त्यांनी कुंकवाचा करंडा बंद केला.

"म्हणजे पट्टीखाली रंग होता."

"हौ."

"तेवढीच जागा माझी बघायची राहिली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ते जाऊ दे. नवी गाडी आली, ती मला का नाही दिलीस चालवायला? तिला कुठे रंग लावला होतास?"

इतकी वर्षं मी बोल्टचाच विचार करत होतो. म्हणालो, "लाज वाटायची, काकू. तुमच्या शेजारी बसायची."

"ठाऊक आहे. सारखा चप्पल शोधायचास." त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "दार उघड."

मी उघडलं. त्या स्टिअरिंगमागे बसल्या, पाय पोचेना म्हणून मी सीट पुढे ओढली. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "चोक कुठाय?"

"आता नसतो, काकू."

"नसतो? मग आता बायकांवर काय ढकलता रे?"

गाडी चालू झाली. मी पलीकडून जाऊन शेजारी बसलो, काठी मांडीवर घेतली. "आज नवमी आहे," म्हटलं, "आज गाडी हलवत नाहीत."

"गेटपर्यंतच," काकू म्हणाल्या, आणि क्लच जरा जोरातच सोडला. गेटवरचा वॉचमन ओळखीचा होता. तो डोळे फाडून बघत उभा राहिला. मी काच खाली केली आणि त्याला हात केला.