बाकावरची सावली

मुलांनो, आपली सोसायटी शहराच्या अगदी टोकाला आहे. फाटकाबाहेर अर्धवट रस्ता आणि खडीचे ढीग आहेत, झाड एकही नाही. सावली आहे ती फक्त आतल्या बागेत. आपल्याकडे कामाला येणारी मंदा दोन घरांच्या कामांमधला तास तिथल्या बाकावर बसून डबा खायची.

आज दुपारी गॅलरीतून पाहिलं, तर वॉचमन तिला उठवत होता.

"मावशी, बाक रहिवाशांसाठी आहेत. नवी पाटी वाचा की."

"इंग्रजी पाटी मी काय वाचू, बाबा? घास तरी संपू दे."

"बाहेर जाऊन संपवा."

डबा झाकून ती बाहेर गेली आणि उन्हात खडीवर बसली. दमलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, ते कुणाला शिकावं लागत नाही. त्याला उठवायला मात्र शिक्षण लागतं.

मग ती आपल्याकडे आली. "आजी, एवढं इंग्रजी कोण लिहितं हो?" तिनं हसत विचारलं.

कमिटीला नीटनेटकी भाषा हवी होती, म्हणून तो मजकूर मीच लिहून दिला होता.

"कोण जाणे," मी म्हटलं, आणि आज भांडी जरा जास्त आहेत, असंही सांगितलं.