पाहून राहिलो

आमच्या उमरेडकडे कोणालाही काहीही विचारलं, की हमखास एक उत्तर मिळायचं. दुकानात लुगडी पसरून बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारा, "घेता का?" तो म्हणणार, "पाहून राहिलो." मुलाच्या बापाला विचारा, "स्थळ पसंत आहे का?" तोही म्हणणार, "पाहून राहिलो." म्हणजे पाहतो आहे, अजून काही ठरलेलं नाही. माझ्या बाबांच्या तर हे वाक्य जिभेवरच बसलेलं होतं. घराच्या छपरावरची कवेलू बदलायची होती, नवा माग घ्यायचा होता, आईची दुखरी दाढ काढायची होती, आणि बाबा सगळं वर्षानुवर्षं पाहूनच राहिले होते. मी जन्माची उतावळी. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सत्तरनंतरची ती पहिली काही वर्षं असतील. मी मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाले, नागपूरच्या कॉलेजात सायन्सला नाव लागलं. गावात सायन्स नव्हतं. घर एकत्र, आणि घराचा कारभार मोठेबाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे. दोघे भाऊ शेजारी शेजारी मागावर बसत, पण हो-नाही म्हणायचा मान एकट्या मोठेबाबांचा. त्यांनी फर्मान काढलं, "एक चक्कर नागपूरची. मुलींची चांगली जागा भेटली, अन् आपल्याले परवडली, तं शिकू दे. नाही भेटली तं झालं शिक्षण. मांढळचं स्थळ तयारच हाये."

मांढळच्या स्थळाला मी पाहिलं होतं. तो वाईट नव्हता, पण मला प्रयोगशाळा पाहायची होती. त्यामुळे त्या दिवशी सकाळच्या एस.टी.त बसताना माझा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळच्या गाडीच्या आत एक खोली पसंत पडायला हवी होती, आणि ती पसंत करणार कोण, तर माझे बाबा! मी सारखी पाय हलवत होते. लहानपणापासून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची सवय, बसलं की हातपाय काहीतरी मागायचेच. बाबा म्हणाले, "पाय हालवू नको वं, लक्ष्मी जाते." मी थांबवला आणि हात हलवायला लागले.

जून तापलेला होता. पहिली जागा सीताबर्डीत, खाली भांड्यांचं दुकान आणि वर दोन मजले मुलींसाठी खोल्या. कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर. मला जिना चढतानाच ती पसंत पडली होती. बाबांनी मात्र सूत तपासावं तशी इमारत तपासायला घेतली. भिंतीला तळहात लावून ओल आहे का ते पाहिलं. नळ सोडून धार किती जाड ते पाहिलं. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि समोर पाहत राहिले. समोर मुलांचं लॉज होतं. एकजण गंजीफ्रॉकवर उभा राहून दाढी करत होता आणि मधूनमधून आमच्याकडे बघून शीळ घालत होता. मालकानं विचारलं, "काय मग भाऊ, जमते का?" बाबा म्हणाले, "पाहून राहिलो." मालक नागपूरचाच. तो म्हणाला, "पाहा पाहा, काही घाई नाही," आणि पुन्हा भांडी पुसायला बसला. आम्ही जिना उतरलो.

दुसरी जागा महाल भागात, एका विधवा बाईंच्या घरी. भाडं आमच्या बेताच्याही खालचं. मोठेबाबा खूश झाले असते. पण खोलीला खिडकी नव्हती, आणि बाईंचा नियम होता की नऊच्या ठोक्याला दिवे बंद. मी विचारलं, "मग अभ्यास?" बाई म्हणाल्या, "सकाळी उठावं न वं लवकर. अन् इतकं शिकून काय कलेक्टर होतं?" मी बाबांकडे पाहिलं. ते पाण्याच्या टाकीत डोकं घालून उभे होते. टाकीच्या तळाला शेवाळ होतं. "काय म्हणता?" बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, "पाहून राहिलो." बाईंनाही त्याचा अर्थ अचूक कळला, त्यांनी आम्हाला गुळाचा खडा आणि पाणी देऊन वाटेला लावलं.

दुपार कलली. बाबांच्या टोपीची कड घामानं काळी झाली होती. आम्ही एका झाडाखाली घरच्या भाकरी खाल्ल्या. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काहीतरी एक ठरवा ना." ते म्हणाले, "ठरवू न वं. घाई काहून करतं?" मला रडू आलं. खरं सांगायचं तर मला नुसती खोली नको होती. माझ्यासाठी बाबांनी एकदा तरी कोणापुढे उभं राहून 'हो' म्हणावं, हे मला हवं होतं. मोठेबाबांना विचारून नव्हे, पाहून नव्हे, सरळ हो. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. मी भाकरीचं फडकं झटकलं आणि तरातरा पुढे चालायला लागले.

तिसरी जागा धरमपेठेच्या बाजूला. कुठल्याशा संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. दुमजली, आवारात कडुनिंब, प्रत्येक कॉटजवळ एक लाकडी टेबल आणि टेबलावर स्वतंत्र दिवा. तो दिवा मी लावून पाहिला, विझवला, पुन्हा लावला. बाबांनी इथंही भिंत चाचपली. ती कोरडी होती. नळाला धार होती. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी वरणाच्या गंजात पळी फिरवली, ती वर काढून पाहिली आणि स्वयंपाकीणबाईला म्हणाले, "डाळ दिसते बाई तुमच्या वरणात." ती खुलली. एका मुलीला त्यांनी थांबवून विचारलं, "झोप लागते का वं इथं?" तिनं हसून मान हलवली. खोट काढायला काही उरलं नव्हतं. फक्त पैसे मोठेबाबांनी सांगितल्यापेक्षा जास्त होते, फार नाही, पण जास्त. बाबांचा चेहरा पडला, आणि मी समजून चुकले की आता काय होणार.

रेक्टरबाई महिन्यापूर्वीच पुण्याहून आल्या होत्या. कडक इस्त्रीचं सुती पातळ, टेबलावर सगळं जागच्या जागी. बाहेर बाकावर आणखी दोघीतिघी आपापल्या वडिलांबरोबर बसल्या होत्या. बाईंनी वर पाहून विचारलं, "एकच कॉट शिल्लक आहे. काय ठरलं तुमचं?"

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "पाहून राहिलो."

"उत्तम!" बाई म्हणाल्या. "पाहिलंत आणि राहिलात. असं झटपट ठरवणारे पालक मला आवडतात. मुलीचं नाव सांगा."

बाबांनी नाव सांगितलं. नाव विचारलं की सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बाईंनी ते वळणदार अक्षरात रजिस्टरात लिहिलं आणि शिपायाला हाक मारून सांगितलं, "बाहेरच्यांना सांगा, शेवटची जागा गेली." मग बाबांना म्हणाल्या, "कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सामान आणि पैसे घेऊन या. या आता."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पुण्याच्या मराठीत 'पाहून राहिलो' म्हणजे आधी पाहिलं आणि मग राहिलो! मी गप्प बसले, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

रस्त्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "म्या तं पाहून राहिलो म्हटलं. हे बाई काय समजली?" मी समजावून सांगितलं. ते ऐकून थबकले, मागे वळून त्या इमारतीकडे पाहिलं. आता हे परत जाणार, मी मनात म्हटलं. पण गाडीची वेळ होत आली होती. उमरेड येईपर्यंत मी पाय हलवत होते तरी त्यांनी हटकलं नाही.

घरी आल्यावर मोठेबाबांचा पारा चढला. "इतके पैसे? तुले हो म्हणायले कोनं सांगितलं गा?"

"म्या कुठं हो म्हटलं, दादा? म्या पाहून राहिलो म्हटलं. बाई पुण्याची हाये, तिनं उलटं धरलं."

"तं उद्या जा अन् सुलटं करून ये." आणि ज्या माणसानं एकाच चकरेची परवानगी दिली होती, त्यानंच कनवटीचे पैसे काढून दुसऱ्या चकरेचं भाडं दिलं. बाबा सकाळी गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कांड्या भरायला बसले तर सूत सारखं तुटत होतं. आई म्हणाली, "ऊठ, बिघडवशील सारं." मी अंगणातून परसात आणि परसातून अंगणात फिरत होते. बाबांचा राग येत होता, त्या पुणेकर बाईची दया येत होती, आणि टेबलावरचा तो दिवा डोळ्यांपुढून हलत नव्हता. बाबांना कोणी सांगितलं की ते करून येत, यात मला शंका नव्हती.

संध्याकाळी ते आले, ओसरीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले. मोठेबाबांनी विचारलं, "काढलं नाव?"

"निघत नाही म्हणते बाई. रजिस्टरात चढलं नं एकदा."

कागदावर चढलेलं नाव उतरत नसतं, यावर मोठेबाबांचा गाढ विश्वास होता. शेताच्या तुकड्यावर भलत्याचंच नाव चढलेलं होतं आणि ते उतरवण्यात त्यांच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी त्यांनी समस्त पुणेकरांचा उद्धार केला आणि म्हणाले, "आता काय करता! जाऊ दे पोट्टीले." मांढळला निरोप गेला.

अशी मी नागपूरला शिकले. वसतिगृहात मी हा किस्सा रंगवून सांगायचे. एका बाईच्या कानांमुळे माझं शिक्षण झालं, नाहीतर माझे बाबा अजून पाहूनच राहिले असते, असं म्हटलं की मुली पोट धरून हसायच्या. मीही हसायचे. आतून मात्र कुठेतरी टोचायचं. इतकं मोठं काम झालं तेही चुकून झालं, माझ्या बाजूनं हो कोणी म्हटलंच नाही, ही रुखरुख काही जात नव्हती.

बी.एस्सी.ची परीक्षा संपली. ट्रंक बांधून मी रेक्टरबाईंचा निरोप घ्यायला गेले. एव्हाना त्या पुरत्या नागपूरकर झाल्या होत्या, मला पाहून म्हणाल्या, "काय वं, जाऊन राहिली?" मी हसले आणि त्या पहिल्या दिवसाची आठवण काढली. म्हटलं, "बाई, तुम्ही नाव काढायला नकार दिलात म्हणून मी शिकले."

त्या गोंधळल्या. "नकार? मी कशाला देईन? आपल्या स्वयंपाकीणबाईंनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, पाहून राहिलो म्हणजे काय ते. मला इतकी शरम वाटली! दुसऱ्या दिवशी तुझे वडील दारात दिसले, तेव्हा मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, माझं ऐकण्यात चुकलं, आत्ता नाव खोडते."

"मग?"

"टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, नाही बाई, तुम्ही बराबर आयकलं. पोरगी राहते. घरी मी सांगतो नाव निघत नाही म्हणून, तेवढं सांभाळून घ्या."

गाडीत मी पाय हलवला नाही. घरी पोचले तेव्हा मोठेबाबा बाजारात गेले होते, बाबा एकटेच मागावर होते. मी ट्रंक खाली ठेवून दारातच उभी राहिले. त्यांनी धोटा थांबवला.

"काहून वं? काय पाहून राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं आणि त्यांच्याजवळ जाऊन कांड्या भरायला बसले.